बारा इंचांचा आग्रह: एका हॉलसाठी वूफर निवडताना

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं, दुसऱ्या मजल्यावरचं घर. बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू, गाणं शिकलेली मुलगी आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात रमणारा मुलगा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरात 1980च्या दशकातली स्पीकरची जोडी होती. प्रत्येक पेटीत 12 इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, वर दोन छोटे स्पीकर आणि जाळीवर ‘थ्री-वे’ (खालचे, मधले, वरचे स्वर तीन स्पीकरमध्ये वाटलेले) अशी पट्टी. वूफरच्या पडद्याभोवतीची फोमची कड हात लावला की भुग्यासारखी गळत होती. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेन फोमचं काही वर्षांनी असंच होतं, त्यात वापरणाऱ्याचा दोष नसतो. रबराची कड यापेक्षा कितीतरी जास्त टिकते.

काकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा निर्णय जवळजवळ झालेला होता. “बारा इंचाच्या खाली बास येत नाही. नवे करायचे तर तेही बाराच.” काकूंची अट वेगळी होती. टीव्हीचं युनिट आणि खिडकी यांच्यामध्ये जेवढी जागा आहे, त्यातच पेटी बसली पाहिजे. ती जागा होती 26 सेंटिमीटर.

हॉल 5.2 मीटर लांब, 3.4 मीटर रुंद आणि 2.9 मीटर उंच. स्पीकर आखूड भिंतीशी, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. रविवारी सकाळी मुलीच्या मैत्रिणी आल्या की खाली गादी अंथरून बैठक होते. हा शेवटचा तपशील बोलता बोलता कानावर पडला आणि पुढे त्यानेच एक मोठा निर्णय ठरवला.

अडचण नेमकी कुठे होती

तक्रार दोन शब्दांत होती: “बास उरला नाही.” नवं काही ठरवण्याआधी जुन्या वूफरला नवी कड लावून घ्यायची, असं मी सुचवलं. तपकीर गल्ली या पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजाराच्या परिसरात विचारत गेलं की हे काम करणारा कारागीर भेटतो आणि खर्चही नव्या वूफरच्या मानाने किरकोळ. हेतू दुहेरी होता. दुरुस्तीने भागलं तर उत्तमच, आणि नाही भागलं तरी काकांच्या मनातला बारा इंची आवाज त्यांच्याच हॉलमध्ये पुन्हा ऐकून पाहता येईल.

दुरुस्तीनंतर आवाज भरला, पण तक्रार मिटली नाही. तिचं रूप बदललं. काका म्हणाले, “आता बास आहे, पण डग्गा घुमतो.” मुलगी म्हणाली, “गाणारा माणूस पेटीच्या आत बसलाय असं वाटतं, विशेषतः खाली गादीवर बसलं की.”

मापनाचा मायक्रोफोन लावला आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ लागला.

आधी मुलीचं वाक्य घेऊ. पेटी उघडली तर वूफरच्या वाटेत वरचे स्वर अडवणारी कॉइलच नव्हती. वरच्या दोन स्पीकरना खालचे स्वर अडवणारा एकेक कपॅसिटर, बस्स. म्हणजे 12 इंची पडदा वरपर्यंत जमेल तेवढं सगळंच वाजवत होता, गायकाचा आवाजसुद्धा. त्या काळच्या स्वस्त पेट्यांमध्ये हे सर्रास असे. 12 इंची वूफरच्या हलणाऱ्या पडद्याचा परिणामकारक व्यास साधारण 26 सेंटिमीटर असतो. 1300 हर्ट्झच्या (सेकंदाला 1300 कंपनांच्या) आसपास ध्वनीची तरंगलांबीही तेवढीच होते आणि तिथून वर आवाज समोर एका झोतात जाऊ लागतो. अगदी समोर बसलेल्याला तो ठीक वाटतो. बाजूला किंवा खाली बसलेल्याला शब्दांची धार बोथट ऐकू येते. गाण्यातला शब्द, तानेतला दाणा, तानपुऱ्याची जवारी हे सगळं याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असतं.

काकांच्या डग्ग्याचं कारण खोलीत होतं. ध्वनीचा वेग सेकंदाला 344 मीटर धरला तर 5.2 मीटर लांबीत पहिली स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून ठरावीक जागी फुगणारी) 33 हर्ट्झला आणि दुसरी 66 हर्ट्झला उभी राहते. रुंदीची पहिली साधारण 51 ला, उंचीची 59 ला. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर लांबीची प्रत्येक लहर तिच्या शिखरावर असते. माझ्या आलेखात 66 ला टोक स्पष्ट दिसत होतं.

डग्ग्यासाठी ही जागा फार वाईट. तबल्याचे उपस्वर शाईमुळे सुरेल नात्यात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच मांडलं होतं. डग्ग्याची गंमत मात्र मनगटाने दाबून काढलेल्या मींडेत आहे. ‘घे’ खालून वर सरकतो. ती सरकती रेघ 66 हर्ट्झवरून जाताना खोली तेवढाच एक स्वर फुगवते आणि मींड मोडून तिथे ‘धम्म’ उरतं. तबलजीने हाताने घडवलेली गोष्ट खोली पुसून टाकते. मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब हीच वाटली, कारण मोठा वूफर आणला असता तर हा दोष आणखी ठळक झाला असता.

संगीताला खाली किती जावं लागतं

इंचांची चर्चा बाजूला ठेवून आम्ही स्वरांचा हिशेब केला. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर तो साधारण 139 हर्ट्झ. तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, 69. त्या खर्जाचा मूलस्वरही तसा क्षीणच असतो, तानपुऱ्याची सगळी श्रीमंती वरच्या उपस्वरांत. स्त्रीचा आवाज काळी चार-पाचला असतो, म्हणजे खर्जही बराच वर. डग्गा तेवढा खाली उतरतो. काकांच्या संग्रहातल्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत 60 हर्ट्झच्या खाली फारसं काही नव्हतंच.

मुलाचा हिशेब वेगळा. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झ, आणि सिंथेसायझर त्याच्याही खाली सहज जातो. एकाच घरात दोन गरजा होत्या, आणि दोन्ही एकाच पेटीतून पूर्ण करायच्या का, हा प्रश्न इथेच उभा राहिला.

आता पडद्याचं क्षेत्रफळ. इंच सांगतात ते वूफरच्या चौकटीचं माप, हलणाऱ्या पडद्याचं नव्हे. थोड्याफार फरकाने साडेसहा इंची वूफरचं परिणामकारक क्षेत्रफळ 135 चौरस सेंटिमीटर, आठ इंचीचं 215, दहा इंचीचं 340 आणि बारा इंचीचं 520. म्हणजे दोन साडेसहा इंची मिळून एका आठ इंचीपेक्षा जास्त हवा ढकलतात. बंद पेटीत, 5 मिलिमीटर एका दिशेने हलणारा एकच साडेसहा इंची वूफर 40 हर्ट्झला एक मीटरवर 89 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. तसे दोन झाले की 95. दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती यांची भर वेगळी. एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. मोठ्या पडद्याचं खरं काम तिथे असतं. खालच्या मजल्यावर बिऱ्हाड असलेल्या फ्लॅटमध्ये, तीन मीटरवरून ख्याल ऐकताना ते लागत नाही.

कोणते पर्याय तोलले

*बारा इंची, नीट केलेला थ्री-वे.* काकांचा आग्रह निराधार नव्हता. 1954 मध्ये एडगर व्हिल्चर यांनी एआर-1 या स्पीकरमध्ये 12 इंची वूफर छोट्याशा बंद पेटीत बसवून दाखवला तेव्हा घरगुती बासची कल्पनाच बदलली. पण तो वूफर नीट वापरायचा तर 500-600 हर्ट्झलाच काम मधले स्वर वाजवणाऱ्या मिडरेंजकडे सोपवावं लागतं. म्हणजे आणखी एक चांगला ड्रायव्हर (पेटीतला सुटा स्पीकर), मोठ्या कॉइल, स्वर वाटून देणारा गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर. आणि पेटी किमान 36 सेंटिमीटर रुंद. काकूंच्या 26 सेंटिमीटरमध्ये ती बसत नव्हती. युनिट हलवता आलं असतं, पण त्या बदल्यात जो बास मिळणार होता तो याच खोलीत घुमणार होता.

*आठ इंची, टू-वे (फक्त दोन स्पीकरची वाटणी).* हा माझा आवडता साचा आहे. बीबीसीच्या परंपरेतल्या आठ इंची पेट्यांमध्ये माणसाचा आवाज फार खरा लागतो. अडचण सांध्याची, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे) काम जातं त्या जागेची. एक इंची घुमटाकार ट्वीटर 2000-2500 हर्ट्झच्या खाली आणला की त्याच्यावर ताण येतो आणि आठ इंची पडदा तिथे पोचेपर्यंत अरुंद होऊ लागलेला असतो. एकट्याने मध्यभागी बसून ऐकणाऱ्याला हे चालतं. इथे सोफ्यावर तिघं आणि गादीवर चौघं बसणार होते.

*साडेसहा इंची टू-वे आणि एक सबवूफर (फक्त अगदी खालचे स्वर वाजवणारी वेगळी पेटी).* तांत्रिकदृष्ट्या सर्वांत लवचीक. खालचा बास खोलीला मानवेल त्या कोपऱ्यातून काढता येतो. पण काकांच्या ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी जोडच नव्हता आणि तिसऱ्या पेटीला त्यांचा ठाम नकार होता. हा पर्याय आम्ही फेटाळला नाही, पुढे ढकलला.

*दोन साडेसहा इंची वूफर असलेला उभा स्पीकर.* रुंदी 22 सेंटिमीटर, म्हणजे काकूंची अट सुटली. पडदा लहान, म्हणून ट्वीटरपर्यंतचा पट्टा बऱ्यापैकी रुंद पसरतो. पण हे दोन वूफर लावायचे कसे?

निर्णयाचा पहिला टप्पा: ट्वीटर मध्ये की वर

वूफर-ट्वीटर-वूफर अशी उभी मांडणी जोसेफ डी’अपोलिटो यांच्यामुळे 1980च्या दशकात लोकप्रिय झाली. दिसायला सममित, आणि कानाच्या रेषेत बसलं की आवाज फार एकसंध. काकांना चित्रात तीच आवडली होती.

बैठकीचा तपशील इथे कामी आला. दोन वूफरच्या केंद्रांत 36 सेंटिमीटर अंतर पडतं. 2200 हर्ट्झला तरंगलांबी साडेपंधरा सेंटिमीटरच्या घरात. त्यामुळे ट्वीटरच्या रेषेपासून साधारण 12 अंश वर किंवा खाली गेलं की दोन्ही वूफर त्या स्वराला एकमेकांना खोडून काढतात. ट्वीटर 90 सेंटिमीटरवर आणि ऐकणारा पावणेतीन मीटरवर धरा. सोफ्यावर कान मीटरभर उंचीवर, गादीवर 75-80 सेंटिमीटरवर, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकणाऱ्या काकूंचे कान दीड मीटरच्याही वर. गादीवर थोडा फरक पडला असता, काकू मात्र बरोबर त्या खोडलेल्या पट्ट्यात आल्या असत्या. आणि त्या घरात सर्वांत जास्त वेळ गाणं त्याच ऐकतात, फक्त खुर्चीत बसून नाही.

म्हणून अडीच-वे मांडणी ठरवली: वर ट्वीटर, त्याखाली एक वूफर जो ट्वीटरपर्यंत वाजतो, आणि त्याखाली दुसरा जो फक्त खालच्या पट्ट्यात साथ देतो. यात आणखी एक लाभ होता. 22 सेंटिमीटर रुंदीच्या पेटीवर साधारण 500 हर्ट्झच्या खाली ध्वनी पुढे न राहता पेटीला वळसा घालून मागेही जातो आणि समोरचा आवाज पातळ होतो. दुसरा वूफर नेमकी तीच तूट भरतो. त्याच्या वाटेत 3 मिलिहेन्रीच्या आसपासची कॉइल घातली, म्हणजे 400 हर्ट्झपासून तो हळूहळू मागे सरतो आणि गळ्याचा आवाज एकाच पडद्यातून येतो.

दुसरा टप्पा: ओहम

ओहम हे विजेच्या विरोधाचं माप, तो आकडा जितका कमी तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. 8 ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की खालच्या पट्ट्यात भार 4 ओहम होतो, काही ठिकाणी त्याहून थोडा कमी. काकांच्या ॲम्प्लिफायरच्या मागे ‘किमान 6 ओहम’ असं छापलेलं होतं. घरात ऐकताना सरासरी एक-दोन वॅटच लागतात, त्यामुळे “चालून जाईल” म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये, बंद कपाटात, तीन तासांच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर कुणाच्या जुन्या यंत्राची परीक्षा घेऊ नये. सलग जोडणी केली असती तर भार 16 ओहम झाला असता, पण त्याच व्होल्टेजला आवाज समांतरच्या तुलनेत 6 डेसिबलने कमी, आणि अडीच-वेमध्ये ती जोडणी बसतही नाही. शेवटी 4 ओहम पेलणारा वापरलेला ॲम्प्लिफायर घेतला. अंदाजपत्रकातला सर्वांत बोचरा खर्च हाच ठरला.

तिसरा टप्पा: भोक ठेवायचं की पेटी बंद करायची

वूफर आणि पेटी यांचा मेळ घालणाऱ्या, थील आणि स्मॉल यांच्या पद्धतीने गणित मांडलं तर दोन्ही वाटा खुल्या होत्या. 40 लिटरच्या पेटीला भोक पाडून त्यात खालच्या स्वरांना साथ देणारी नळी दिली तर वूफर मोकळ्या जागेत 40 हर्ट्झच्या जवळ उतरत होते. बंद ठेवली तर पेटीतला अनुनाद 60 ला आणि आवाज 68 लाच 3 डेसिबल खाली. कागदावर नळीचा विजय स्पष्ट दिसतो.

मी तरी बंद पेटीच्या बाजूने उभा राहिलो. नळीच्या पेटीचा आवाज तिच्या स्वराखाली सप्तकाला 24 डेसिबलने कोसळतो, बंद पेटीचा 12 ने. बंद पेटीचा तो सौम्य उतार आणि मागची भिंत 40 सेंटिमीटरवर असताना मिळणारी भर एकमेकांना पूरक ठरतात. वाद घालण्यापेक्षा ऐकणं बरं, म्हणून पहिली पेटी नळीसह बनवली आणि नळीत फोमचा बोळा घालून-काढून ऐकवली. आवाजाची पातळी जुळवून, पेट्यांपुढे चादर टांगून. काकांनी दोन्ही खेपेला डग्ग्याच्या मींडेवरून बंद पेटी निवडली. मुलाने नळीची निवडली. निकाल घराच्या मुख्य ऐकण्याप्रमाणे लागला.

प्रत्यक्ष काम

पेट्या सुताराकडून 18 मिलिमीटर प्लायमध्ये करून घेतल्या, आत दोन आडव्या पट्ट्या देऊन. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो आणि कापायलाही सोपा, पण पावसाळ्यात त्याची उघडी कड ओल धरून फुगते. वूफर रबरी कडेचे घेतले. सुताराला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली: बंद पेटीत कुठेही फट राहता कामा नये, तारेच्या भोकापाशीसुद्धा.

आणि सोफा. तो 90 सेंटिमीटर पुढे घेतला तर 66 हर्ट्झचा फुगवटा सहा-साडेसहा डेसिबलने उतरायला हवा, असं गणित सांगत होतं, कारण भिंतीपासून 1.3 मीटरवर, म्हणजे लांबीच्या चौथ्या हिश्शावर, ती लहर शून्याला येते. काकूंनी सोफा हलवायला साफ नकार दिला. येण्याजाण्याची वाट अडत होती, त्यांचं म्हणणं रास्त होतं. मग गादी 1.3 मीटरच्या रेषेवर घालायची ठरली. गंभीरपणे ऐकायचं तेव्हा खाली बसायचं.

परिणाम

गादीवर डग्ग्याची मींड अखंड ऐकू येते. सोफ्यावर घुमणं कमी झालं, गेलं नाही. मुलीची तक्रार पूर्ण मिटली. चौघी ओळीत बसल्या तरी कडेच्या मैत्रिणीला शब्द स्वच्छ लागतो. काकूंना दारातूनही आवाजात फरक जाणवत नाही. मोठ्या आवाजात 12 इंची वूफर जो एक सैल, सहज भार देतो तो इथे नाही, आणि काकांना तो अधूनमधून आठवतो. तबल्याचा सोलो वाजवताना आवाज फार वाढवला की लहान पडद्यांवरचा ताण कळतो. मुलासाठी 45 हर्ट्झच्या खाली पोकळी आहे.

पुन्हा करायचं झालं तर

ऐकण्याची जागा सर्वांत आधी ठरवायला हवी. इथे ती पेट्यांचं चित्र अर्धं झाल्यावर ठरली. गादीची रेष आधी आखली असती तर ट्वीटरची उंची 90 ऐवजी 80-82 सेंटिमीटर ठेवता आली असती.

ॲम्प्लिफायरची पट्टी पहिल्याच भेटीत वाचावी. ड्रायव्हर किती आणि कसे जोडायचे हे तिच्यावरच अवलंबून असतं, आणि तो खर्च नंतर कळला की बाकीच्या हिशेबाला कात्री लागते.

काकूंची जागा 38 सेंटिमीटर असती आणि सोफा 1.3 मीटरच्या रेषेवर ठेवता आला असता, तर मी दहा इंची बंद थ्री-वे सुचवला असता. मोठ्या आवाजातला ताण त्याने गेला असता. खोली याहून लहान असती तर एकच साडेसहा इंची वूफर पुरला असता आणि दुसऱ्या वूफरचे पैसे वाचले असते.

सबवूफरबद्दल काकांचा नकार आता मावळला आहे. तो बसवताना 55-60 हर्ट्झच्या खालीच वाजू द्यायचा आणि 66 हर्ट्झची लहर चेतवायची नाही म्हणून लांब भिंतीशी, समोरच्या भिंतीपासून 1.3 मीटरवर ठेवून पाहायचा आहे. तिथे सध्या काकूंचं शिवणयंत्र आहे, त्यामुळे तारीख त्या ठरवतील.